झोपली का?

तान्हं बाळ झोपलं, की ते खरंच झोपलंय ना हे पाहायला आपल्याकडे घरातलं प्रत्येक माणूस एकदा तरी त्या खोलीत जाऊन येतं. आजी जाते. शेजारच्या काकू जातात. मावशी चहाचा कप बशीत वाजवत येते आणि दारातूनच विचारते, "झोपली का?" हा प्रश्न हळू आवाजात विचारलेला मी आजवर ऐकलेला नाही. उत्तर अर्थात बाळच देतं. मग "कोणी उठवलं हिला?" अशी चौकशी बसते, आणि त्या चौकशीत सगळ्यांत टवटवीत चेहरा फिर्यादीचा असतो.

आमची लेक पुण्याला माहेरी बाळंतपणाला आली, तेव्हा अंगडी-टोपडी निघायच्या आधी तिच्या बॅगेतून एक लॅमिनेट केलेला कागद निघाला. तो तिनं फ्रिजवर लावला. सातला अंघोळ, सव्वासातला मालिश, साडेसातला दूध, पावणेआठला दिवे मंद आणि गाणं, आठला झोप. खाली ठळक अक्षरांत: रोज, न चुकता, याच क्रमानं. मी शाळामास्तर. पुढे पर्यवेक्षक झालो आणि निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये शाळेचं वेळापत्रक करण्याचं काम माझ्या गळ्यात असे. त्या अनुभवावरून सांगतो, वेळापत्रक कागदावर नेहमीच जमतं. गोंधळ मुलं आल्यावर सुरू होतो. इथे तर मूल अजून आलंही नव्हतं.

कागद निराधार होता असं मात्र नाही. जोडी मिंडेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2009 साली चारशेहून अधिक मायलेकरांवर एक अभ्यास केला. रोज रात्री तीच अंघोळ, तेच मालिश, तीच शांत गाणी आणि अर्ध्या तासात दिवा बंद, एवढंच करायला सांगितलं. दोनच आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली, आणि आयांची चिडचिडही कमी झाली. या अभ्यासाला बाळांचे साबण-तेल विकणाऱ्या कंपनीचं आर्थिक साहाय्य होतं आणि क्रमात अंघोळ पहिली येते, हे मी आपलं नोंदवून ठेवतो. लेकीसमोर नाही. तिच्यासमोर मी एवढंच म्हणालो, की त्या अभ्यासातलं सगळ्यांत लहान मूल सात महिन्यांचं होतं. आपली सात दिवसांची आहे.

नवजात बाळ दिवसाकाठी 14 ते 17 तास झोपतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. नातीनं या हिशेबात कधी लबाडी केली नाही. फक्त सगळी रक्कम तिनं चिल्लरमध्ये दिली. वीस मिनिटं आत्ता घ्या, चाळीस मिनिटं मग घ्या, आणि मधल्या वेळात आम्ही हात पसरून उभे. दिवस कुठला नि रात्र कुठली हे सांगणारं शरीरातलं घड्याळ जन्मतः लागलेलं नसतं; ते चालू व्हायला दोन-तीन महिने जातात. पोट इवलंसं, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी भूक. लेकीला हे सगळं वाचून पाठ होतं. रात्री तीन वाजता वाचलेलं आठवत नाही, इतकंच.

शिवाय बाळाला झोपेचं वळण लावायचं म्हणणारे आपण स्वतः पहिल्या पंधरवड्यात काय करतो ते पाहा. पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि बाळाजवळ कोणीतरी रात्रभर जागं राहायचं. म्हणजे मराठी बाळाच्या आयुष्यातला पहिला विधीच मुळी जागरण. पाचवीलाच पुजलेलं. आमच्या हिनं कोरा कागद ठेवला, तेव्हा लेक म्हणाली, "आई, तिला म्हणावं काही लिही, पण आठची वेळ तेवढी पाळ." सटवाईनं काय लिहिलं ते आम्हाला आठवड्याभरातच उमगलं.

बाराव्या दिवशी बारसं. पाळणा हे खरं तर झोपवण्याचं गाणं. ते म्हणायला इमारतीतल्या एकूण एक बायका हॉलमध्ये. रामाचा झाला, कृष्णाचा झाला, शिवाजी महाराजांचा झाला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना आणखी एक येत होता तोही झाला. मग चुलत आत्यानं नाव सांगून कानात "कुर्रर्र" केलं. (सख्खी आत्या सिॲटलला असते. तिच्याशी गाठ पुढे आहे.) रीतीप्रमाणे बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. एवढ्या सगळ्यात पाळण्यातल्या व्यक्तीनं झोपून राहावं अशी अपेक्षा होती, आणि नवल म्हणजे ती राहिली. घुगऱ्या वाटून झाल्या, पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळल्या, घर अगदी सामसूम झालं, तेव्हा ती उठली.

झोपेत ती हसायची. "सटवाई हसवतेय," असं ही म्हणायची. जावई म्हणाला, "आई, ती आरईएम झोप असते." हे दोघंही आपापल्या जागी ठाम होते आणि दोघंही नातीकडे सारख्याच खुळ्या चेहऱ्यानं बघत होते. झोपेचा हा टप्पा जगाला कळला तो 1953 साली. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी क्लाइटमन या प्राध्यापकांच्या हाताखाली पीएच.डी. करत होता. आरंभ झाला तो झोपलेल्या तान्ह्या बाळांच्या पापण्यांकडे तासन्‌तास टक लावून बसण्यापासून. पुढे जुनं यंत्र दुरुस्त करून त्यानं ते जोडलं ते स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी डोळे हलवणारी, ओठ हलवणारी, कण्हणारी-कुथणारी असते. ती उठलेली नसते. पण हे कळायच्या आत तिला कोणीतरी उचललेलं असतं. आमच्याकडे ती चुळबुळली रे चुळबुळली, की चार हात पाळण्यात शिरत, आणि चांगली झोपलेली मुलगी "उठली वाटतं" या निष्कर्षामुळे उठे.

हिचाही एक कागद होता. छापलेला नव्हता, पण फ्रिजवरच्याहून फार जुना होता. त्यात झोपेच्या रकान्यात एकच नोंद: जायफळ. सहाणेवर दुधात दोन वेढे. डॉक्टरबाईंनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही म्हणजे काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं बजावलं होतं. ही म्हणाली, "त्यांना स्वतःला त्यांच्या आईनं गुटी दिलीच असेल की. झाल्या ना डॉक्टर!" या युक्तिवादाला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. मग ग्राइप वॉटरचा विषय निघाला. ते 1851 साली इंग्लंडात नॉटिंगहॅमला विल्यम वुडवर्ड यांनी काढलं. आपल्याकडे त्याच्या जाहिरातीत आजी आईला आणि आई लेकीला त्याची आठवण करून देत आली. मूळ औषधात बऱ्यापैकी अल्कोहोल असे. ते पुढे काढून टाकलं. इतक्या पिढ्यांना ते एकमुखानं का आवडलं, याचा उलगडा मला उतारवयात झाला.

मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया पोटच्या पोराला घरी ठेवून पाळीवर जात, तेव्हा त्याला बाळागोळी चाटवत. तिच्यात अफू असे. पोर दिवसभर पडून राही. हे मी हिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि जायफळ सहाणेसकट फडताळात गेलं. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या रात्रीच्या दुधात येऊ लागलं. निदान घरातलं एक माणूस कागदाप्रमाणे आठला झोपू लागलं.

मोहरीच्या उशीवरून झालेली चकमक थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात मी लेकीच्या बाजूनं होतो आणि जिंकलेल्या लढाया लांबवू नयेत. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, आणि गाढ झोप लागावी म्हणून पोटावर झोपवणं, ही हिची दोन कलमं. बाळाला उताणंच झोपवा अशी मोहीम अमेरिकेत 1994 साली निघाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. सपाट, टणक गादी. उशी नको, लोड नको, दुपट्यांचा ढीग नको. ही म्हणाली, "मग त्या बिचारीजवळ ठेवायचं तरी काय?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "काहीच नाही." बाळाजवळ काहीच ठेवायचं नाही ही कल्पना मराठी घराला पचायला वेळ लागतो. पाळण्यात वेखंडाचा तुकडा असतो, घुंगुरवाळा असतो, कुणीतरी आणलेला अंगारा असतो.

लेकीनं त्यासाठी एक लाकडी कॉट मागवला. सुंदर होता. वाळलेले कपडे घडी होईपर्यंत ठेवायला इतकी चांगली जागा आमच्या घरात त्याआधी नव्हती. दिवसा डोळ्यांसमोर डुलकी काढायला हिनं माझ्या आईच्या मऊसूत जुन्या लुगड्याची झोळी बांधायचं ठरवलं. पूर्वी आढ्याला दोर टाकला की झालं. फ्लॅटला आढं नसतं, छताला हूक बसवावा लागतो. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल चालवायला बंदी आहे, कारण त्या वेळी इमारतीतली लहान मुलं झोपतात. म्हणून नातीच्या झोपेसाठी भोक पाडायचं काम सकाळी अकराला झालं, आणि त्या वेळी नात झोपली होती. झोळी झाली. हूक कुरकुरत असे. जावयानं मोठ्या मनानं त्यात तेल सोडलं, आणि त्या दुपारी मुलगी झोपेचना. कुरकुर हवी होती. तेल पुसून काढण्याची कृती कुठल्याच पुस्तकात दिलेली नाही.

आवाजाचं बाळांचं गणित मला अजून सुटलेलं नाही. आमच्या खिडकीतून नदीकाठ दिसतो. पुण्यात नदीकाठ दिसणं म्हणजे गणपतीच्या दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव ऐकणं. वेळ साधारण तीच, कागदावरची. खिडकीची तावदानं थरथरत असताना ती मुलगी हात डोक्यावर टाकून ढाराढूर. पथक पाणी प्यायला थांबलं, की तिचे डोळे उघडत. मिक्सरवर चटणी वाटताना झोपायची, मिक्सर बंद झाला की उठायची. कुकरच्या तीन शिट्ट्या चालत. पण सेफ्टी पिन लावताना होणारा टिक्, पेपराचं पान उलटल्याची सळसळ आणि माझ्या सपातांचा फटक् या तीन आवाजांना तिच्या राज्यात माफी नव्हती. यावरही शास्त्र आहेच: पोटात असताना रक्ताच्या खळखळाटात नऊ महिने काढलेल्या बाळाला सततच्या आवाजात बरं वाटतं. लेकीनं फोनवर पावसाचा आवाज लावून ठेवला. आम्ही सगळे रात्रभर उठून खिडक्या बंद आहेत का पाहत होतो.

आता जावई. हा मुलगा संगणकवाला, हिंजवडीला नोकरी. प्रश्न आला की आधी संशोधन वाचणार. त्याला एक जपानी अभ्यास सापडला. रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली तो प्रसिद्ध केला. रडणाऱ्या बाळाला उचलून एका संथ लयीत, न थांबता, पाच मिनिटं चालायचं. बाळ झोपलं तरी लगेच खाली ठेवायचं नाही. तसंच घेऊन पाच ते आठ मिनिटं बसायचं, आणि मग ठेवायचं. त्यांनी बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. बाळ दचकतं ते गादी लागल्यामुळे नव्हे, तर आपल्या अंगापासून सुटायला लागल्यामुळे. म्हणजे पाठ टेकायच्या आधीच त्याला सगळं कळलेलं असतं.

जावयानं हे अक्षरशः पाळायचं ठरवलं. आमच्या घरात सरळ चालता येईल असा एकच मार्ग: हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत, आणि परत. न थांबता चालायचं असल्यामुळे तो ओट्याशी येई आणि वळे. ही ओट्याशीच असे. पहिल्या फेरीला तिनं त्याला मायेनं पाहिलं. दुसऱ्या फेरीला म्हणाली, "जाता जाता तेवढा गॅस बारीक करा हो." तिसऱ्या फेरीला टेबलावर ताटं. पाच मिनिटं होईपर्यंत त्याच्या एका खांद्यावर नात आणि दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, आणि जपानी शास्त्रज्ञांनी सांगितलेली लय त्यानं एकदाही मोडली नव्हती. नात झोपली. तो बसला. घड्याळ बघत आठ मिनिटं बसला. आमच्यापैकी कोणी श्वास मोठ्यानं घेतला नाही. मग तो उठला, कॉटमधले वाळलेले कपडे मी पुढे होऊन उचलले, आणि त्यानं तिला इतकं हळूहळू खाली आणलं की ती गादीला कधी टेकली हे आम्हाला कोणालाच कळलं नाही. मान टेकली, पाठ टेकली. राहिला त्याचा हात. तो मानेखाली. हात काढायचा तर मान हलणार. त्या वाकलेल्या अवस्थेत त्याच्या खिशातला फोन थरथरला, ऑफिसची मीटिंग होती. त्यानं दुसऱ्या हातानं ती घेतली, आवाज बंद ठेवला, आणि वीस मिनिटं मुकाट्यानं मान डोलावत राहिला. तिकडे त्याच्या साहेबांना हा माणूस आज किती लक्ष देऊन ऐकतोय असं वाटलं असणार. अखेर हात निघाला. तो सरळ उभा राहिला, आणि त्याचा गुडघा वाजला.

कट्ट.

तो आवाज सेफ्टी पिनच्या जातीचा होता.

त्यानंतर लेकीनं डॉ. रिचर्ड फर्बर यांचं नाव काढलं. बॉस्टनच्या या डॉक्टरांनी 1985 साली पुस्तक लिहिलं आणि त्यांच्या नावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला जागं असतानाच बिछान्यात ठेवायचं, गुड नाइट म्हणायचं, बाहेर यायचं. रडलं तर काही मिनिटं थांबायचं, आत जाऊन थोपटायचं, पण उचलायचं नाही. परत बाहेर यायचं, या खेपेला जरा जास्त थांबायचं. काही रात्रींत बाळ आपलं आपण झोपायला शिकतं. पुष्कळ घरांत शिकतंही. पण फर्बरसाहेबांनी ज्या घराची कल्पना केली, त्यात दाराबाहेर थांबणारी माणसं फार तर दोन.

आमच्या घरी दार लागलं, रडणं सुरू झालं, आणि हिनं घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघायला सुरुवात केली. पहिलं मिनिट संपायच्या आत शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. "काही नाही, सहज आले. रडतेय का ती?" खालून इंटरकॉमवर वॉचमन म्हणाला, "साहेब, बाळ रडतंय." जणू ते आम्हाला बातमीवरून कळणार होतं. दुसऱ्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत उतरल्या. पोटात दुखत असेल, हिंग लावा बेंबीला. काकू म्हणाल्या, दृष्ट. मीठ-मोहरी ओवाळायला हवी. लेक दाराला पाठ लावून उभी होती, तिच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात ही म्हणाली, "मला आतून टॉवेल हवाय." टॉवेल घेऊन ती बाहेर आली, तेव्हा टॉवेलात नात होती. दाराबाहेर थांबायला माणसं कमी पडली म्हणून आमच्याकडे ही पद्धत फसली नाही. जास्त झाली म्हणून फसली.

लेकीची 26 आठवड्यांची रजा संपली. दोघांनी आमच्याच सोसायटीत फ्लॅट घेतला आणि नात दिवसभर आमच्याकडे राहू लागली. खरी अडचण इथून सुरू झाली, आणि ती झोपेची नव्हतीच. आठ ही नातीची झोपायची वेळ. सव्वाआठ ही तिच्या आईबापांची घरी पोचायची वेळ, तीही वाहतुकीनं दया दाखवली तर. म्हणजे कागद तंतोतंत पाळला तर मुलगी आपल्या बापाला रविवारी भेटणार.

मिंडेलबाईंनीच 2010 साली आणखी एक मोठा अभ्यास केला, सतरा देश-प्रदेशांतल्या एकोणतीस हजारांहून जास्त मुलांचा. त्यात आपला देशही होता. न्यूझीलंडची मुलं सरासरी सात वाजून सत्तावीस मिनिटांनी झोपतात, हाँगकाँगची दहा वाजून सतरा मिनिटांनी. आशियातली मुलं एकूणच उशिरा आणि कमी झोपतात. लेकीला हे वाचून अपराधी वाटलं. मला त्यात एक घड्याळ दिसलं: हाँगकाँगमध्येही बाप साडेआठलाच दार वाजवत असणार. तेवढं वाजवू द्यावं की.

याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की ही मला न सांगता एक कारस्थान करतेय. कागदाप्रमाणे दुपारची झोप चारला संपवायची. हिच्या राज्यात मुलगी पाचनंतर पुन्हा मांडीवर आडवी, आणि साडेसहा-पावणेसातपर्यंत निवांत. लेक विचारी, "आई, आज दुपारी किती झोपली?" "नेहमीसारखी." रात्री आठला नात टक्क जागी, बापाची चावी कुलपात फिरली की सरपटत दाराशी. लेक हैराण, जावई मनातून खूश, आणि ही तोंड फिरवून भाजी परतत. मी एकदा एकांतात विचारलं. म्हणाली, "दिवसभर माझ्याकडेच असते. त्यांच्या वाटणीची थोडी नको का ठेवायला?" मी पर्यवेक्षक असताना अशा शिक्षिकेला मेमो दिला असता. इथे मी सव्वासहाला टीव्हीचा आवाज कमी करू लागलो.

आणि सिॲटलची आत्या. आपल्या आठ वाजता तिथे सकाळचे साडेसात वाजतात, म्हणजे कामाला निघण्याआधीचा तिचा एकमेव मोकळा वेळ. दिवे मंद केले की फोन उजळे. "अगं, झोपली का?" नाही. कशी झोपेल? पडद्यावर आत्या, तिचा नवरा, त्यांचा कुत्रा. कुत्रा दिसल्यावर आमची नात पुढचा तासभर कुत्रा या विषयावर बोलत राही. नागपूरच्या विहीणबाई सुज्ञ. त्या साडेसातलाच फोन करत, "झोपायच्या आत बघून घेते" म्हणून. त्यामुळे पावणेआठचं गाणं ही आमच्याकडे दोन फोनांमधली जागा होती.

कागदावर हळूहळू पेननं दुरुस्त्या येत गेल्या. आठचे साडेआठ झाले, मग नऊ, मग "9.15 (बाबा)". अंघोळ खोडून सकाळी नेली, कारण रात्रीच्या अंघोळीनं मुलगी झोपण्याऐवजी उत्साही होई. मालिशसमोर कोणीतरी "आजी" लिहिलं. "याच क्रमानं"मधला "याच" खोडला गेला. अक्षर कोणाचं ते मी ओळखतो, पण सांगणार नाही. आणि तरीही, लेकीच्या बाजूनं सांगायला हवं, की या काटाकाटीतून जे उरलं ते मुलीनं पाठ केलं. सव्वानऊला बाबाच्या खांद्यावरून देवाला नमस्कार, गॅलरीतून चांदोबाला टाटा, आजीकडून तेल, आजोबांकडून गोष्ट. एक पायरी गाळली तर दौंडला गाडी चुकल्यासारखा आकांत. सगळ्या जगातल्या मुलांना क्रम हवा असतो हे मिंडेलबाईंचं म्हणणं बरोबर आहे. क्रमात किती माणसं असावीत हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

ती अडीच वर्षांची झाली, तेव्हा गोष्ट हे माझं खातं पक्कं झालं. आता झोप येत नाही ही अडचण नव्हती. झोप येऊ द्यायची नाही हा निर्धार होता. पाणी. शू. पुन्हा पाणी. भिंतीवर पाल आहे. पाल नाही, पण असती तर? 2011 साली अमेरिकेत अ‍ॅडम मॅन्सबाख नावाच्या लेखकानं मुलीला झोपवताना जेरीस आलेल्या बापाचं मनोगत चित्रमय बालगीताच्या थाटात लिहिलं, शीर्षकातच इरसाल शिवी, आणि ते तुफान खपलं. घराघरात रात्री दहाला जे मनात येतं ते कोणीतरी छापलं, एवढाच त्याचा गुन्हा. मी शाळामास्तर असल्यामुळे मला शिव्या नाहीत. माझ्याकडे काऊ-चिऊ होते.

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली, लेकीला सांगितली, पण नातीला सांगताना पहिल्यांदा नीट ऐकली. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा चिमणीचं दार वाजवतो. चिमणी दार उघडत नाही. का? कारण ती बाळाला अंघोळ घालतेय. मग अंग पुसतेय. मग अंगडं घालतेय, तीट लावतेय, मग झोपवतेय. एकेक पायरी, ठरलेल्या क्रमानं, आणि दार बंद! अमेरिकेत अभ्यास व्हायच्या कितीतरी आधी आमच्या घराघरात आज्या हे वेळापत्रक तोंडपाठ सांगत होत्या, आणि आचरणात मात्र बेल वाजली की सगळ्यात आधी दार उघडत होत्या. चिमणी एकटीच काय ती नियमाची. मी हे लेकीला सांगितलं. ती कागदाकडे बघून म्हणाली, "चिमणीकडे आजी नव्हती, बाबा."

नातीचा मात्र चिमणीवर विश्वास नाही. एवढ्या पावसात कोणी दार वाजवतंय आणि ही उघडत नाही, हे तिला पटत नाही. तिच्या घरी असं होत नाही. पहिल्या काही रात्री तिनं मला चिमणीकडून लवकर दार उघडायला लावलं. त्यावर गोष्ट फारच लहान होते हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिनं धोरण बदललं. आता चिमणीनं दार उघडायचं नाही, पण दार वाजवणारे वाढवायचे. कावळ्यानंतर बाबा येतो. बाबाला पण थांबावं लागतं, बाळाची अंघोळ चाललीय. मग काकू येतात, हिंग घेऊन. मग आत्या येते, विमानातून, कुत्र्यासकट. प्रत्येकाला चिमणीनं पहिल्यापासून सगळं सांगायचं, अंघोळ, पुसणं, अंगडं, तीट. एकही गाळलेलं चालत नाही. पावणेदहा वाजतात. दारातून लेक डोकावते.

"झोपली का?"

"श्श!" नात तिला दटावते आणि माझ्याकडे वळते. "मग कुरियरवाले काका आले."